होडीची दुरुस्ती : पावसाळ्याच्या दोन महिन्यांतील काम

शेतकऱ्याचे औत ऐन पेरणीत मोडले तर शेजाऱ्याचे औत मागून तो एक-दोन दिवसांची अडचण निभावून नेतो. किनाऱ्यावरील नाखव्यास अशी सोय नसते. त्याची होडी हेच त्याचे औत आणि हीच त्याची बैलजोडी. ती किनाऱ्यावर पडून राहिली म्हणजे नाखवा, तांडेल, वाट्यावर काम करणारे खलाशी आणि मासळी घेऊन बाजारास जाणाऱ्या घरच्या बाया, ह्या सर्वांचीच मिळकत एकदम थांबते. 2025 च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे होडीची निगा हा विषयही शेतीच्या अवजारांच्या निगेइतकाच गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासाचा झाला आहे.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यंत्रचलित होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. मासळीच्या अनेक जातींच्या प्रजननाचा हा काळ असून समुद्रही ह्या दिवसांत खवळलेला असतो. होडीच्या दुरुस्तीस वर्षातून मिळणारा मोठा अवधी तो हाच. परंतु हा अवधी दिसतो तितका मोठा नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास कोकणात पाऊस स्थिरावतो. त्यानंतर लाकूड सुकत नाही, रंग धरत नाही आणि मेस्त्री एका गावातून दुसऱ्या गावात धावत असल्यामुळे वेळेवर मिळत नाही. पुष्कळ ठिकाणी जून व जुलैचे पहिले तीन आठवडे असेच निघून जातात आणि शेवटच्या आठवड्यात भेगांत लांबी भरून, वरून रंगाचा हात मारून होडी पाण्यात लोटली जाते. अशी होडी किनाऱ्यावर देखणी दिसते. तिची खरी परीक्षा मात्र ऑगस्टच्या समुद्रात होते, आणि त्या वेळी तिच्यावर माणसे असतात.

दुरुस्तीचा आरंभ रंगापासून न करता रोग शोधण्यापासून करावा, आणि तोही पाऊस लागण्यापूर्वी करावा, हेच ह्या सर्व विवेचनाचे सार आहे. त्याची पद्धत क्रमवार पुढे दिली आहे.

होडी वर ओढण्याची वेळ

होडी किनाऱ्यावर घेण्यास उधाणाची भरती साधावी लागते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांनंतरच्या एक-दोन दिवसांत भरतीचे पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व पाणी फारसे चढत नाही. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब किनाऱ्यावरील वडीलधाऱ्या मंडळींस पाठ आहे : तिथीच्या अंकास तिनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची सुमारे वेळ येते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस सव्वाअकरा वाजता, ह्याप्रमाणे. दुसरी भरती त्यानंतर साधारणपणे साडेबारा तासांनी येते. हा हिशेब स्थूल आहे. ज्या बंदरात भरतीचे छापील कोष्टक मिळते तेथे ते पाहावे. पालघर व मुंबईकडे भरती-ओहोटीतील पाण्याचा फरक मोठा असतो आणि दक्षिणेस सिंधुदुर्गाकडे तो कमी होत जातो. म्हणून दक्षिणेकडील नाखव्यांनी तर मे महिन्यातील शेवटचे उधाण हातचे जाऊ देऊ नये. ते गेले की पुढचे उधाण बहुधा पावसाबरोबरच येते.

होडी ओढण्यापूर्वी जाळी, इंधन, बर्फाच्या पेट्या व नांगर उतरवून घ्यावेत. ओंडक्यांवरून होडी वर घेताना तिचा कणा, ज्यास किनाऱ्यावर पठाण म्हणतात, तो सरळ राहील इकडे लक्ष द्यावे. जागेवर आल्यावर कण्याखाली तीन-चार ठिकाणी भक्कम ठोकळे द्यावेत. होडीचा सर्व भार कण्यावर यावा. बाजूचे टेकू केवळ ती कलू नये म्हणून असतात. भार बाजूच्या टेकूंवर आला की फळ्या आत दबतात आणि दोन महिन्यांत होडीचा आकारच बिघडतो. यंत्र जेथे बसविलेले असते तेथे वजन अधिक असल्याने त्याखाली ठोकळा अवश्य असावा. टेकूंसाठी कांदळवनातील झाडे तोडू नयेत; त्यांस कायद्याचे संरक्षण आहे.

पावसाचे पाणी समुद्राच्या पाण्याहून घातक

समुद्राच्या पाण्यात दहा महिने राहणाऱ्या होडीस पावसाने काय होणार, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही. गोड पाणी, ऊब व कोंदट हवा मिळाली की ती झपाट्याने वाढते. होडीच्या तळात साचलेले पावसाचे पाणी, त्यावर पडलेला पालापाचोळा आणि वरून घट्ट बांधलेले प्लॅस्टिकचे कापड, ही तिन्ही एकत्र आली म्हणजे बुरशीस हवी ती सर्व सोय झाली. वर्षभर समुद्रात निरोगी राहिलेली बरगडी अशा वेळी घराच्या दारात कुजते.

म्हणून होडी वर घेताच तळाचे बूच काढून ठेवावे. नाळेची बाजू थोडी उंच ठेवावी, म्हणजे आत आलेले पाणी मागे वाहून जाईल. बरगड्यांखाली पाणी वाहण्यासाठी ठेवलेली छिद्रे गाळाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करावीत. आतील फळ्यांचे तक्ते उचलून ठेवावेत. होडी शाकारताना झावळ्यांच्या झापांचा किंवा ताडपत्रीचा मांडव होडीपासून उंच बांधावा व दोन्ही टोके उघडी ठेवावीत. आत वारा खेळता राहिला पाहिजे. झापांचा मांडव घालण्याची पूर्वजांची रीत ह्या दृष्टीने शास्त्रास धरूनच आहे.

रोग कोठे आहे?

होडी पाण्याबाहेर आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिची तपासणी करावी. तळास चिकटलेले शेवाळ, कालवे व कठीण कवचाचे इतर जीव ओले असतानाच सहज निघतात. वाळल्यावर ते खरवडताना लाकडास इजा होते. तळ स्वच्छ झाला की पाहणीस आरंभ करावा. त्यासाठी तीन साधने पुरेशी आहेत : लहान हातोडी, टोकदार अरी आणि खडू.

हातोडीने फळीवर वीतभर अंतरावर हलकेच ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते; आतून कुजलेले किंवा पोखरलेले लाकूड बद्द वाजते. जेथे आवाज बदलेल तेथे अरी टोचून पाहावी. अरी सहज आत गेली किंवा लाकडाचे तुकडे धाग्यांवाचून भुगा होऊन निघाले, तर ते लाकूड गेले असे समजावे. प्रत्येक संशयाच्या जागी खडूने खूण करावी आणि सर्व होडी पाहून झाल्यानंतरच काय बदलावयाचे ते ठरवावे. कणा, कण्यास लागून असलेली पहिली फळी, नाळेचा खालचा भाग, यंत्राखालचे ठोकळे आणि पाण्याच्या रेषेजवळच्या फळ्या, ह्या जागा विशेष काळजीने पाहाव्यात.

सामान्यतः तीन प्रकारचे बिघाड आढळतात. पहिला बुरशीने कुजण्याचा. त्याचे कारण वर आलेच आहे. दुसरा सागरी किड्याचा. लाकूड पोखरणारा टेरेडो हा दिसण्यात अळीसारखा असला तरी तो शिंपल्यांच्या वर्गातील प्राणी आहे. त्याचे पिल्लू टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून फळीत शिरते आणि आतल्या आत वाढत लाकडाच्या धाग्याच्या दिशेने बोगदा करते. बाहेरून फळी शाबूत दिसते, आत मात्र ती पोळ्यासारखी झालेली असते. दोन महिने कोरड्या राहिलेल्या फळीत हा किडा जगत नाही, परंतु त्याने केलेली पोकळी कायम राहते. अशी फळी रंगाने बरी होत नाही. ती बदललीच पाहिजे.

तिसरा बिघाड खिळ्यांचा. लोखंडी खिळा गंजला की त्याच्या भोवतालचे लाकूडही काळे व मऊ पडते. फळीवर खिळ्याच्या जागी गंजाचा ओघळ दिसला तर तो केवळ डाग म्हणून पुसू नये. खिळा काढून पाहावा. पुष्कळदा बाहेर डोके शाबूत असते आणि आतील भाग सुईसारखा बारीक झालेला असतो. लोखंडी खिळ्यांच्या शेजारी तांब्याचे खिळे वापरल्यास खाऱ्या पाण्यात लोखंड अधिकच वेगाने झिजते. एका होडीत एकाच धातूचे खिळे असावेत. लोखंडी वापरावयाचे तर ते जस्ताचा मुलामा दिलेले असावेत.

एका गळतीचे उदाहरण

पाहणी नीट न झाल्यास काय घडते, ह्याचे किनाऱ्यावर वारंवार दिसणारे एक उदाहरण घ्यावे. होडी तीस फुटांची, सागवानी, बारा-पंधरा वर्षे वापरलेली. मागल्या हंगामात उजव्या बाजूस यंत्राजवळ पाणी येत होते. नाखव्याने दोनदा तेथील सांधा भरून घेतला. आठ दिवस गळती थांबली व पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात त्याने मेस्त्रीस बोलावून सांधा तिसऱ्यांदा भरण्यास सांगितले. मेस्त्री अनुभवी असेल तर तो प्रथम हातोडी घेऊन आत उतरतो आणि थोड्या वेळाने म्हणतो, “नाखवा, सांध्याचा दोष नाय. आतली बरगडी मोडली हाय. यंत्र चालू झालं की फळी हलते, मग कापूस कसा टिकंल?”

ह्या ठिकाणी नाखव्यापुढे दोन वाटा असतात. सांधा भरण्यास एक दिवस व थोडके पैसे पुरतात. बरगडी बदलावयाची तर यंत्र उचलावे लागते, दोन फळ्या काढाव्या लागतात, योग्य बाकाचे लाकूड शोधावे लागते आणि पंधरवडा मोडतो. ही तपासणी मे महिन्यात झाली असेल तर दुसरी वाट मोकळी असते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली असेल तर हंगामाच्या आरंभीची मासळी हातची जाऊ नये म्हणून नाखवा पहिली वाट धरतो. मग यंत्राच्या हादऱ्याने हलणारी ती फळी घेऊनच होडी लाटांत जाते. हा दोष मेस्त्रीचा नव्हे आणि बहुधा नाखव्याच्या निष्काळजीपणाचाही नव्हे. तपासणीची तारीख चुकली, एवढेच त्याचे कारण असते. ही तारीख गाठून देणे हे गावातील कार्यकर्त्यास सहज शक्य आहे.

लाकडाची तजवीज आदल्या वर्षी

होडीच्या फळ्यांस साग सर्वांत उत्तम. कोकणात ऐन, फणस, आंबा व उंडी ही लाकडेही होडीच्या निरनिराळ्या भागांसाठी वापरली जातात. जात कोणतीही असली तरी फळी गाभ्याच्या लाकडाची असावी. सालीकडचे पांढरे लाकूड बुरशी व किडा ह्यांस लवकर बळी पडते. ओले लाकूड वापरू नये. ते बसविल्यानंतर आकसते व सांधे उघडे पडतात. फळ्या आदल्या वर्षी कापून, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घालून, सावलीत व वाऱ्यावर रचून ठेवाव्यात. बियाणे पेरणीच्या दिवशी शोधावयाचे नसते, तसेच होडीचे लाकूडही.

बरगड्यांसाठी नैसर्गिक बाक असलेली फांदी उत्तम. सरळ लाकडातून बाकदार तुकडा कापला तर धागे मध्येच तुटतात आणि बरगडी तेथेच मोडते. ज्या शेतकऱ्यांच्या बांधावर फणस, ऐन किंवा उंडीची जुनी झाडे आहेत त्यांनी असे बाकदार लाकूड सरपणात न घालता होडीच्या मेस्त्रीस दाखवावे. त्यास चांगली किंमत येऊ शकते. मात्र साग, ऐन, फणस, आंबा इत्यादी झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या जमिनीतील असली तरी तोडण्यापूर्वी रीतसर परवानगी घ्यावी लागते. ह्या परवानगीस लागणारा काळ धरूनच लाकडाची आखणी करावी.

फळी बदलणे व सांधे भरणे

कुजलेल्या जागेपुरताच छोटा तुकडा कापून तेथे ठिगळ बसविण्याचा मोह टाळावा. कुजलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंस निरोगी लाकूड लागेपर्यंत फळी काढावी. शेजारशेजारच्या दोन फळ्यांचे जोड एकाच रेषेत येऊ नयेत. त्यांच्यामध्ये निदान तीन बरगड्यांचे अंतर असावे. जोड एका ओळीत आले की तेथे होडी कमकुवत होते. जुन्या खिळ्याच्या भोकात नवा खिळा धरत नाही; ते भोक लाकडी मेखेने बुजवून शेजारी नवे भोक पाडावे.

सांध्यांत कापूस किंवा काथ्या भरताना जोराने ठासण्याची सवय पुष्कळांस असते. होडी पाण्यात उतरल्यावर फळ्या पाणी पिऊन फुगतात. सांधे आधीच गच्च भरलेले असले तर फुगणाऱ्या फळ्यांस जागा उरत नाही आणि त्या बरगड्यांवरील खिळे उपसतात. जमिनीवर दोन महिने सुकलेल्या होडीचे सांधे मुळातच रुंद दिसतात, हे ध्यानात ठेवावे. भरण बेताचे असावे. उरलेले काम पाणी करते.

जुन्या होडीवर फायबरचा थर चढविण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. लाकूड पूर्ण कोरडे व निरोगी असेल तर असा थर उपयोगी पडतो व किड्यापासून संरक्षण देतो. 1957 मध्ये स्थापन झालेल्या कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने लाकडी होड्यांच्या संरक्षणाच्या अशा उपायांवर काम केले आहे. परंतु ओल्या किंवा कुजू लागलेल्या लाकडावर थर चढविला तर ओल आत कोंडली जाते आणि आतील लाकूड दृष्टीआड कुजत राहते. जी होडी बद्द वाजते तिच्यावर फायबर चढवू नये.

फायबरच्या होडीची दुरुस्ती

फायबरच्या होड्यांस कूज लागत नाही, म्हणून त्यांस निगा नको असे मात्र नाही. तडा गेलेल्या जागेवर वरून पट्टी चिकटविणे ही दुरुस्ती नव्हे. तड्याभोवतीचा सुटलेला भाग घासून काढावा आणि कडेस लांब उतार द्यावा. भिंतीच्या जाडीच्या सुमारे बारा पट उतार चांगला. म्हणजे 5 मिलिमीटर जाडीस 60 मिलिमीटर. जागा कोरडी व तेलविरहित करूनच काचतंतूंचे थर द्यावेत. पावसाळी दमट हवेत हे काम चांगले होत नाही, म्हणून तेही जूनपूर्वी उरकावे किंवा बंदिस्त कोरड्या जागेत करावे.

ह्या कामातील एक धोका प्रत्येकाने लक्षात ठेवावा. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात कोबाल्टचे गतिवर्धक व कॅटॅलिस्ट अशी दोन द्रव्ये घालतात. ही दोन द्रव्ये एकमेकांत कधीही थेट मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होतो. गतिवर्धक प्रथम रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे व त्यानंतरच कॅटॅलिस्ट घालावे. त्यांच्या बाटल्याही वेगवेगळ्या ठेवाव्यात. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा व हातमोजे वापरावेत आणि घासताना नाकातोंडास कापड बांधण्यावर न थांबता धुळीचा मुखवटा लावावा.

यंत्र व पंखा

होडी वर घेण्यापूर्वीच थंडाव्याच्या नळ्यांतून गोडे पाणी फिरवून आतील मीठ काढून टाकावे. जुने तेल बदलावे. वापरलेल्या तेलातील आम्ल दोन महिन्यांत यंत्राचे भाग खाते. बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवावी. डिझेलच्या टाकीच्या तळाशी साचलेले पाणी काढावे. भर समुद्रात यंत्र बंद पडण्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण आहे.

पंख्याच्या पात्यांस बाक आला किंवा कड तुटली असेल तर शाफ्ट हादरतो आणि त्या हादऱ्याने मागील सांधे सुटतात. शाफ्ट बाहेर पडतो तेथील ग्लँडमधील पॅकिंग दर हंगामात पाहावे. यंत्र चालू असताना दोरीच्या पॅकिंगमधून पाण्याचे थोडे थेंब पडणे योग्य होय. ग्लँड अगदी कोरडी होईपर्यंत आवळल्यास शाफ्ट तापून झिजतो. यंत्र व शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत, ही शेवटची तपासणी मात्र होडी पाण्यात तरंगत असताना करावी, कारण जमिनीवर टेकलेल्या होडीचा आकार पाण्यात किंचित बदलतो.

रंगाचे काम सर्वांत शेवटी

रंग देण्यापूर्वी लाकूड कोरडे असावे; ओल्या लाकडावरील रंग महिन्याभरात पापुद्र्यांनी निघतो. तळास जीव चिकटू नयेत म्हणून देण्यात येणारा तांबेयुक्त रंग डब्यावरील सूचनेप्रमाणे पाण्यात उतरविण्याच्या बेतानेच द्यावा. गंज रोखण्यासाठी लावलेल्या जस्ताच्या ठोकळ्यांवर रंग देऊ नये. त्यांवर रंग दिला की त्यांचा उपयोग संपला. हे ठोकळे अर्धे झिजले असल्यास बदलावेत. नोंदणी क्रमांक व शासनाने ठरवून दिलेला रंग स्पष्ट दिसेल असा लिहावा.

पाण्यात उतरविताना

बंदी 31 जुलैस उठते, परंतु समुद्र तारखेप्रमाणे शांत होत नाही. नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून मग होड्या लोटण्याच्या प्रथेमागे पिढ्यांचा अनुभव आहे. होडी उधाणाच्या भरतीस उतरवावी, पण त्याच दिवशी मासेमारीस नेऊ नये. सुकलेली लाकडी होडी पहिल्या भरतीस थोडी गळतेच. तिला दोन-तीन दिवस उथळ व निवाऱ्याच्या पाण्यात बांधून ठेवावी, तळात येणारे पाणी उपसून दर काही तासांनी मोजावे. पाणी येण्याचे प्रमाण कमी होत गेले तर फळ्या बसल्या असे समजावे. एकाच जागेतून सारखे पाणी येत राहिले तर होडी पुन्हा वर घ्यावी. ह्यात लाज वाटण्याचे कारण नाही. त्यानंतर जाळी व बर्फ न भरता किनाऱ्याजवळ एक फेरी मारून यंत्र, सुकाणू व पाणी उपसण्याचा पंप ह्यांची परीक्षा घ्यावी.

प्रत्येक खलाशामागे एक जीवरक्षक जाकीट, संपर्काचे साधन, संकटसूचक यंत्र, पाणी उपसण्याची बादली व प्रथमोपचाराची पेटी ह्यांवाचून होडी सोडू नये. समुद्रातील संकटात भारतीय तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक खलाशांस पाठ असावा.

पैसा व कागदपत्रे

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड किनाऱ्यावर आले आणि 17 मे 2021 च्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले. दोन्ही वादळांत किनाऱ्यावरील होड्यांचे नुकसान झाले. अशा प्रसंगी शासकीय साहाय्य मिळते, परंतु त्याची मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2015 ते 2020 ह्या काळातील निकषांत अंशतः मोडलेल्या होडीच्या दुरुस्तीस 4,100 रुपये आणि पूर्ण नष्ट झालेल्या होडीस 9,600 रुपये होते. 2022 ते 2026 ह्या काळासाठी त्या रकमा 6,000 व 15,000 रुपये करण्यात आल्या. ह्या रकमेत एखादी फळी येईल, होडी उभी राहणार नाही. म्हणून होडीचा विमा व नियमित बचत ह्यांस पर्याय नाही.

2018-19 च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यव्यवसायास लागू करण्याचे जाहीर झाले. सागरी मासेमारीसाठी ह्या कार्डाचा लाभ घेण्यास नोंदणी झालेली होडी व मासेमारीचा परवाना लागतो. हंगामाच्या आरंभी इंधन व बर्फ ह्यांसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली की मासळी त्यासच, त्याच्या भावाने द्यावी लागते. कार्डावरील कर्ज वेळीच मिळाले तर ही अडवणूक टळते. अर्ज मात्र मे महिन्यातच द्यावा. यंत्र बदलले असल्यास अथवा होडीची लांबी वाढविली असल्यास त्याची नोंद परवाना अधिकाऱ्याकडे करून घ्यावी; नोंद व होडी ह्यांत मेळ नसेल तर विम्याचा दावा अडकतो. होडीची चारही बाजूंनी छायाचित्रे, नोंदणी क्रमांकासह, दरवर्षी काढून घरात जपून ठेवावीत. वादळानंतरच्या पंचनाम्यात ती फार उपयोगी पडतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

एप्रिलमध्ये गावातील होड्यांची यादी करावी व प्रत्येक होडीपुढे मागील हंगामातील तक्रार नाखव्यास विचारून लिहावी. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मच्छिमार सहकारी संस्थेत बैठक घेऊन मेस्त्रींचे दिवस वाटून घ्यावेत. सर्वांनी एकाच आठवड्यात बोलावले तर कोणाचेच काम नीट होत नाही. खिळे, कापूस व रंग संस्थेमार्फत एकत्र घेतल्यास दरात सवलत मिळते आणि हलका माल टळतो. बांधावर जुनी झाडे असलेले शेतकरी आणि लाकूड हवे असलेले नाखवे ह्यांची गाठ घालून द्यावी. जुलैच्या मध्यास यादी पुन्हा काढून प्रत्येक होडीपुढे झालेले काम लिहावे. ज्या होडीचे काम अपुरे असेल त्या नाखव्यास एक-दोन आठवडे उशिरा जाण्याचा सल्ला द्यावा आणि त्या अवधीत त्याचे घर चालावे म्हणून संस्थेने अल्प मुदतीच्या उचलीची सोय करता येईल का ते पाहावे. उशिरा गेलेल्या होडीचे नुकसान पुढील फेऱ्यांत भरून निघू शकते.

वर सांगितलेल्या कामांपैकी बहुतेक कामे किनाऱ्यावरील लोकांस नवी नाहीत. ती योग्य क्रमाने व वेळेवर व्हावीत, एवढीच आवश्यकता आहे. मेच्या उधाणास होडी वर, पावसापूर्वी तपासणी, जूनमध्ये लाकूडकाम, जुलैमध्ये यंत्र, सांधे व उघडीप साधून रंग, आणि उतरविल्यावर दोन-तीन दिवस पाण्यात विसावा, हे वेळापत्रक प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात लावावे आणि नाखव्यांनी त्याप्रमाणे यंदापासूनच कामास लागावे.